नाणं उडवून सूर निवडले, तरी कंटाळा का आला?

तुमचं म्हणणं मला असं समजलं. सात वर्षं पेटी शिकलात, अमेरिकी संगीतकार जॉन केजबद्दल काही वाचलंत, आणि मग लॅपटॉपला सांगितलंत की बारा सुरांतला कुठलाही एक काढ, असं तीनशे वेळा. जे निघालं ते पंधरा सेकंदांत कंटाळवाणं झालं. मित्र म्हणाला, पेटीवरून मांजर चालत गेलंय. त्यावर तुमचे तीन प्रश्न आहेत. केज नाणी उडवून संगीत लिहायचा, तर त्याचं संगीत असं का वाटत नाही? '४ मिनिटं ३३ सेकंद' ही त्याची काहीच न वाजवण्याची रचना म्हणजे निव्वळ थट्टा आहे का? आणि हे सगळं मुळात आपल्याकडूनच गेलंय असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं, ते खरं का?

तिन्हींच्या खाली मला एकच प्रश्न दिसतो: निवड सोडून दिली तर रचनाकाराकडे काम काय उरतं? भरपूर उरतं. उलट वाढतं, आणि तुमच्या तीनशे सुरांत नेमकं तेच काम करायचं राहून गेलंय.

आधी एक सांगते. मी बावीस वर्षं प्रायोगिक नाटकांना पार्श्वसंगीत देते आहे, त्याआधी पियानो शिकले, आणि केजच्या काही रचना तीस-चाळीस लोकांसमोर वाजवल्या आहेत. त्यामुळे माझं उत्तर वाजवणाऱ्या बाईचं आहे. तुम्हाला या खटाटोपातून काय हवंय, यावरही बरंच अवलंबून आहे. ऐकायला गोड असं काहीतरी हवं असेल तर हा रस्ता लांबचा आहे, आणि सात वर्षं शिकलेला माणूस त्याहून जवळच्या रस्त्यानं तिथे पोचतो. आपला हात सवयीनं कुठे कुठे जातो हे बघायचं असेल, तर मात्र पुढे वाचा.

कंटाळ्याचं कारण साधं आहे. पूर्वी टीव्हीवरचं प्रक्षेपण गेलं की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतं? त्यातला प्रत्येक ठिपका योगायोगानंच लागायचा किंवा विझायचा, दोन क्षण कधीच सारखे नसायचे. तरी आपल्याला दिसायचं काय? एकच एक करडा रंग. तुम्ही प्रत्येक सुराला सारखी संधी दिलीत, सारखी लांबी दिलीत, सारखा जोर दिलात, आणि मधे श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीत. कानानं त्या सगळ्याची सरासरी काढली आणि तो निघून गेला. मांजराचा त्यात दोष नाही. मांजर निदान थांबतं, उडी मारतं, मधेच बसतं.

आता केजनं काय केलं ते बघू. १९५१ साली, सोळा वर्षांचा त्याचा एक विद्यार्थी होता, ख्रिश्चन वुल्फ. त्याच्या वडिलांची प्रकाशनसंस्था होती. केज त्याच्याकडून फी घेत नसे, म्हणून तो घरची पुस्तकं भेट आणायचा. त्यांतलं एक होतं 'ई चिंग', चिनी परंपरेतलं शकुन बघण्याचं प्राचीन पुस्तक. तीन नाणी सहा वेळा उडवायची, प्रत्येक वेळी एक अखंड किंवा तुटक रेघ मिळते, सहा रेघांची एक आकृती होते, आणि अशा एकूण ६४ आकृत्या असतात. केजनं त्यातला ६४ घरांचा तक्ता बघितला आणि त्याच्या डोक्यात रचनेची पद्धत तयार झाली. त्यातून पियानोसाठी 'म्युझिक ऑफ चेंजेस' लिहायला १९५१ चा बराचसा भाग गेला. रचना सुमारे पाऊण तासाची आहे.

एका नाण्यानं पाऊण तास ठरवायला वर्ष कशाला लागतं? कारण नाणं उडवण्याआधी त्यानं २६ तक्ते तयार केले. आठ तक्ते आवाजांचे, आठ लांबीचे, आठ जोराचे, एक लयीचा, आणि एक हे ठरवण्यासाठी की एका वेळी किती थर चालू राहतील. आवाजाच्या तक्त्यातल्या प्रत्येक घरात एकेक सूर नव्हता. कुठे एक सूर, कुठे जोडसूर, कुठे चार-पाच स्वरांची झुपकेदार आकृती, कुठे तारेवर किंवा झाकणावर केलेला आवाज. आणि ६४ पैकी निम्मी घरं रिकामी. नाण्यानं ते घर दाखवलं की तिथे काही वाजवायचं नाही. जोराच्या तक्त्यात ६४ पैकी फक्त १६ घरांत नवी सूचना होती. बाकीच्या घरांवर पडलं तर आधीचाच जोर चालू ठेवायचा. शिवाय काही तक्ते 'चल' होते: एखादा आवाज एकदा वापरला की तो त्या घरातून कायमचा जायचा आणि तिथे नवा यायचा. काही 'अचल': तिथला आवाज पुन्हा येऊ शकायचा. कुठला तक्ता कधी चल आणि कधी अचल हेही नाणंच ठरवायचं. या सगळ्याच्या खाली पुन्हा एक सांगाडा होता, ३, ५, ६¾, ६¾, ५, ३⅛ अशा प्रमाणाचा. छोट्या तुकड्यांची आणि अख्ख्या रचनेची विभागणी त्याच आकड्यांनी झालेली.

हे मी इतक्या तपशिलात मुद्दाम सांगितलं. यातला प्रत्येक निर्णय केजचा आहे. निम्मी घरं रिकामी ठेवायची, जोर क्वचित बदलायचा, वापरलेला आवाज कधी कधी हद्दपार करायचा, हे काही नाण्यानं सुचवलेलं नाही. म्हणून 'म्युझिक ऑफ चेंजेस' ऐकताना कान गोंधळतो, पण झोपत नाही. एखादा झुपका येतो, मग अकरा-बारा सेकंद काही नाही, मग तोच झुपका ओळखीच्या माणसासारखा पुन्हा दिसतो, आणि नंतर कधीच दिसत नाही.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिथे देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली की एक अर्थ, डावीकडची पडली की दुसरा. लहानपणी बघितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. गुरव प्रश्न विचारताना फार वेळ घ्यायचा. 'माझं भलं होईल का' असलं मोघम विचारलेलं त्याला चालायचं नाही. काय, कधी, कुणाचं, सगळं फोडून मगच गाऱ्हाणं घालायचं. कारण उत्तर दोनच प्रकारचं येणार, म्हणजे सगळी अक्कल प्रश्नात घालावी लागते. केज जे करत होता ते हेच होतं. रचनाकार उत्तरं द्यायचं सोडतो आणि प्रश्न विचारायला लागतो, अशा अर्थाचं तो स्वतःही आपल्या कामाबद्दल सांगायचा. तुमचा तीनशे सुरांचा प्रयोग म्हणजे 'माझं भलं होईल का' असं तीनशे वेळा विचारणं झालं.

कौलाचा दुसरा नियम पाळायला जास्त अवघड. हवा तसा पडला नाही म्हणून पुन्हा लावायचा नाही. मी नाटकवाल्या मुलांसाठी एक कार्यशाळा घेतली होती, त्यात एका हुशार मुलीनं फार सुरेख तक्ता केला. दोन मिनिटांची रचना छानच झाली. इतकी छान की मला शंका आली. विचारल्यावर म्हणाली, "शेवटी ढोलकीचा मोठा आवाज येत नव्हता, म्हणून तेवढं तीनदा उडवलं." मग ते नाणं कशाला? आपली आवड आपणच पुरी करायची आणि जबाबदारी नाण्यावर ढकलायची! त्यापेक्षा ढोलकी शेवटी हवी म्हणून सरळ लिहावी, त्यात लाज काय. केजची सगळी शिस्त उत्तर आल्यानंतरच्या त्या क्षणी आहे. आलेलं आवडलं नाही तरी लिहायचं, आणि वाजवताना त्याला तेवढाच मान द्यायचा. फारच नावडतं यायला लागलं तर प्रश्न बदलायचा, म्हणजे नवा तक्ता करून पहिल्यापासून सगळं.

पण एखाद्याला हे असं का करावंसं वाटावं? हा मुद्दा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

१९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. शास्त्रज्ञ विक्रम साराभाई त्यांचे भाऊ. त्या स्वतः पखवाज वाजवायच्या, ज्या काळी बायका पखवाजाला हात लावत नसत तेव्हा. पाश्चात्त्य संगीताचा भारतावर पडणारा प्रभाव त्यांना काळजीचा वाटत होता, आणि तो नीट समजून घ्यायचा तर ते संगीत आधी शिकायला हवं असं त्यांचं मत. केजनं त्यांना शिकवलं, आणि पैशांऐवजी त्यांच्याकडून भारतीय संगीत समजून घेतलं. त्या वेळी केज अडचणीत होता. लग्न मोडलं होतं, आणि दुःखी म्हणून लिहिलेली रचना ऐकून लोक हसतात हे बघून संगीत भावना पोचवतं यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. त्यानं गीताबेनना विचारलं, तुमचे गुरू संगीताचं प्रयोजन काय मानतात? त्यांनी सांगितलं ते असं: मन निवळून शांत व्हावं, म्हणजे ईश्वरी प्रभावाला ते ग्रहणशील होतं. हे वाक्य केज जन्मभर सांगत राहिला. परत निघताना गीताबेननी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचं पुस्तक दिलं. वर्षभर तो ते वाचत होता.

त्याच सुमाराला त्यानं भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांचं लेखन वाचलं आणि नवरसांवर त्याचं मन बसलं. १९४६ ते १९४८ मध्ये लिहिलेल्या 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' या त्याच्या मोठ्या रचनेच्या मुळाशी नवरस आहेत: आठ रस आणि त्या सगळ्यांचा ओढा जिकडे आहे तो शांतरस. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे खोचून ४५ पट्ट्यांचा आवाज बदललेला असतो. काही पट्ट्या घंटेसारख्या वाजतात, काही लाकडी डब्यासारख्या. तुम्ही केज ऐकायला सुरुवात करणार असाल तर इथून करा, 'म्युझिक ऑफ चेंजेस'पासून नको. कुठला भाग कुठल्या रसाचा हे ओळखायच्या भानगडीत पडू नका, कारण त्यानं तसं सांगून ठेवलेलं नाही. आणि यात योगायोग कुठेच नाही, सगळं हातानं निवडलेलं आहे.

म्हणजे हिशेब असा लागतो. संगीत कशासाठी, याचं उत्तर त्याला भारतातून मिळालं. ते कसं करायचं याचं अवजार चिनी पुस्तकातून. आणि आपल्या आवडीनिवडीच्या मागे धावायचं नाही हा आग्रह, न्यूयॉर्कमध्ये जपानी विद्वान सुझुकींची झेन या बौद्ध पंथावरची व्याख्यानं ऐकली, त्यातून पक्का झाला. रागसंगीत त्यानं उचललेलं नाही. 'हे सगळं आपलंच' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आपण ज्याचा अभिमान बाळगतो ती उपज केजला मान्यच नव्हती. उत्स्फूर्त वाजवणारा माणूस स्मरणातून आणि आवडीतून वाजवतो, असं तो म्हणायचा, आणि त्याला नेमकं त्यातून सुटायचं होतं. पुढे १९७७ मध्ये त्यानं पाणी भरलेल्या शंखांसाठी 'इनलेट्स' लिहिली. शंख हळूहळू कलता करायचा. आत बुडबुडा कधी निघेल हे वाजवणाऱ्याला सांगता येत नाही, कितीही रियाज करा. असं वाद्य असेल तर उत्स्फूर्त वाजवायला त्याची हरकत नव्हती. पेटीवर सात वर्षं बसलेल्या तुमच्या बोटांना हे थोडं झोंबेल. मलाही झोंबलं होतं.

आता शांततेकडे. मराठीत यासाठी निदान तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की सगळा घोळ होतो. विराम हा वाजवणारा घेतो. मौन माणूस पाळतो. आणि शांतता बाहेर आपोआप असते असं आपण धरून चालतो. केज सुरुवातीला विरामाबद्दल बोलत होता. आवाजाला उंची, जोर, पोत असतो, पण शांततेला फक्त लांबी असते. तेव्हा रचनेचा पाया लांबीवर, म्हणजे वेळेवर हवा, हा त्याचा १९४० च्या दशकातला मुद्दा. नंतर तो हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रतिध्वनीरहित खोलीत गेला. भिंती सगळा आवाज शोषून घेतात अशी खोली. तिथे त्याला दोन आवाज ऐकू आले, एक उंच, एक खालचा. तिथल्या अभियंत्यानं सांगितलं की उंच आवाज तुमच्या मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा. मज्जासंस्थेचं ते स्पष्टीकरण मला पटत नाही, कानातली नेहमीची गुणगुण असावी. पण केजनं त्यातून काढलेला निष्कर्ष त्यानं बिघडत नाही: तिसऱ्या शब्दाचा अर्थ असलेली वस्तू जगात नाही. आपण ज्याला शांतता म्हणतो ते म्हणजे आपण मुद्दाम न केलेले आवाज.

हे लक्षात आलं की नाणं आणि शांतता एकाच जागी येतात. दोन्हींत 'मला हवं म्हणून' हा भाग काढून टाकलेला असतो.

'४ मिनिटं ३३ सेकंद' थट्टा होती का? २९ ऑगस्ट १९५२ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक पियानोपाशी बसला. सभागृह लाकडी, मागची बाजू झाडीकडे उघडी. तीन भाग होते: ३० सेकंद, २ मिनिटं २३ सेकंद आणि १ मिनिट ४० सेकंद. भाग सुरू झाला की तो झाकण बंद करायचा, संपला की उघडायचा. समोर स्टॉपवॉच, आणि रिकाम्या ओळींची पानं तो वेळेप्रमाणे उलटत होता. केजच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या भागात बाहेर वारा होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडायला लागले, तिसऱ्यात लोक बोलायला आणि उठून जायला लागले. लोक चिडले होते. खुद्द केजच्या आईनं त्याच्या एका मित्राला विचारलं होतं, या वेळी जॉननं जरा जास्तच केलं असं नाही का वाटत तुला?

पण थट्टा करणारा माणूस चार वर्षं थांबत नाही. १९४८ मध्येच त्यानं एका व्याख्यानात सांगितलं होतं की तीन किंवा साडेचार मिनिटांची अखंड शांतता रचून, दुकानांतून आणि कार्यालयांतून सतत वाजणारं संगीत पुरवणाऱ्या कंपनीला विकायची आहे. धीर त्याला पुढे चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गच्या कोऱ्या पांढऱ्या चित्रांनी दिला. त्या चित्रांवर बघणाऱ्यांच्या सावल्या पडायच्या, धूळ बसायची. आणि ४ मिनिटं ३३ सेकंद हा आकडा त्यानं अंदाजे ठरवलेला नाही. पत्ते पिसून छोट्या छोट्या शांततांच्या लांब्या काढल्या आणि त्यांची बेरीज केली. म्हणजे न वाजवण्याची रचनासुद्धा त्यानं सूर लिहावेत तशीच लिहिली. (४ मिनिटं ३३ सेकंद म्हणजे २७३ सेकंद, आणि निरपेक्ष शून्य तापमान उणे २७३ अंश. यात गूढ शोधणारे लोक भेटतील. पत्त्यांमधून आलंय, सोडून द्या.)

मी पहिल्यांदा ही रचना सादर केली ती वाईट केली. डोळे मिटून, समाधी लावल्यासारखा चेहरा करून बसले. लोक माझ्याकडे बघत राहिले, कोणी काही ऐकलंच नाही. नंतर कळलं की ट्यूडर स्टॉपवॉच आणि कागद का वापरत होता. वाजवणाऱ्यानं कोरडेपणानं कामात असावं, म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्यावरून सुटतं. दुसऱ्या वेळी मी घड्याळ आणि पानं घेऊन बसले. शेजारच्या खोलीत कोणीतरी इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू ठेवून चहाला गेलं होतं, हे मला सुरू झाल्यावर कळलं. थांबवणार कशी? संपल्यावर विचारलं, काय ऐकलंत. गाणाऱ्या तिघीही म्हणाल्या, षड्ज किंचित उतरला होता. तबल्याचा मुलगा म्हणाला, पंख्याची टकटक झपतालाच्या जवळ जात होती पण सातव्या मात्रेला अडखळायची. एक प्रकाशयोजना करणारे गृहस्थ होते, त्यांनी तानपुरा ऐकलाच नव्हता. त्यांना बाहेर कोणीतरी पत्र्यावर पाणी ओतलेलं ऐकू आलं होतं, आणि आम्हा गाण्या-बजावण्यातल्या कुणालाही ते ऐकू आलं नव्हतं. मला त्या संध्याकाळी या रचनेचा उपयोग कळला. आमचे कान इतके तयार झाले होते की अर्धी खोली त्यांना ऐकूच येत नव्हती.

आपल्या मैफलीत तर शांतता नावाला नसते. गवई समेआधी जागा सोडतो तेव्हा आपण दाद देतो, पण खाली ठेका चालू असतो आणि तानपुरा तर कधीच थांबत नाही. तो भरलेला विराम आहे, आणि फार सुंदर आहे. केजची शांतता त्या जातीची नाही. दोन्हींना एकाच मापानं मोजलं की दोन्हींवर अन्याय होतो.

या विचाराला त्या काळापासून विरोधकही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ आधी त्याचा मित्र, दोघांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. पण नाण्यांवर सोडून देणं म्हणजे रचनाकारानं आपल्या कमकुवतपणावर पांघरूण घालणं, असं त्यानं १९५७ मध्ये लिहिलं. मला बुलेझचा आक्षेप नवशिक्यांच्या बाबतीत शंभर टक्के खरा वाटतो, केजच्या बाबतीत नाही. ज्याच्याकडे सोडून देण्यासारखी आवड अजून तयारच झालेली नाही, त्यानं ती सोडून देण्यात काय मोठेपणा? म्हणून रियाज सोडून याच्या मागे लागा असं मी विद्यार्थ्याला सांगत नाही. सात वर्षं झालेल्या माणसाला सांगते. आणि 'काहीही चालतं' असं केज कधीच म्हणाला नाही. १९६२ च्या त्याच्या एका रचनेत वाजवणाऱ्याला एकच सूचना आहे: आवाज शक्य तितका वाढवलेला असताना एक शिस्तबद्ध कृती करावी. शब्द 'शिस्तबद्ध' आहे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या वाद्यवृंदानं त्याची 'अॅटलस एक्लिप्टिकॅलिस' सादर केली, तेव्हा काही वादकांनी मिळालेल्या मोकळीकीत चेष्टा केली, आणि केज त्याबद्दल पुढे बरीच वर्षं दुखावलेला होता.

माझ्या रोजच्या कामात मी हे किती वापरते? प्रामाणिकपणे सांगायचं तर कमी. नाटकाचं संगीत प्रसंगाला उत्तर देत असतं. नायिका दार लोटून आत आली आणि त्या क्षणी नाण्यानं पिपाणी दिली, तर दिग्दर्शक मला घरी पाठवेल. पण अडकले की वापरते. एका नाटकात प्रवेशांमधल्या अंधाराला काय वाजवायचं ते सुचत नव्हतं. जे सुचायचं ते आधीच्या कुठल्या तरी नाटकात मीच केलेलं असायचं. शेवटी नाटकात येणाऱ्या वस्तूंच्या आवाजांचा तक्ता केला, निम्मी घरं रिकामी ठेवली, आणि अंधारांची वाटणी नाण्यांवर सोडली. अकरापैकी पाच अंधार निःशब्द आले, त्यातले तीन लागोपाठ. मी स्वतः तसं करायला कधीच धजावले नसते. दिग्दर्शकाला ते पटवायला चहाचे तीन कप लागले.

आता तुमच्या पेटीचं. बारा सूर विसरा. आधी एक संध्याकाळ घालवून पेटीचे आठ आवाज शोधा, आणि त्यांतले फार तर तीन सरळ वाजवलेले सूर असू द्या. बाकीचे: स्टॉपर बंद ठेवून नुसता भाता हलवला की येणारा श्वास, पट्टी अर्धीच दाबली की कसाबसा फुटणारा सूर, हवा संपत आली की शेवटी कापरा होणारा षड्ज, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी कळ) लावताना होणारा खट्ट, पट्ट्यांवर सूर न लावता बोटं आपटल्याचा आवाज. सोळा घरांचा तक्ता करा. आठ घरांत हे आवाज, आठ रिकामी. एक नाणं चार वेळा उडवलं की सोळापैकी एक घर मिळतं: घरांना ०००० पासून ११११ पर्यंतचे सोळा क्रमांक द्या आणि छाप्याला शून्य, काट्याला एक धरून चार आकडे ओळीनं मांडा, लॅपटॉप नको. लांबीचा तक्ता वेगळा, आणि त्यात दोन सेकंदांपासून चाळीस सेकंदांपर्यंत फरक ठेवा. तिथे सारखेपणा आला की पुन्हा मुंग्या येतील. जोराच्या तक्त्यात चारच घरांत बदल लिहा, बारा घरांत 'आहे तसं'. एकूण वेळ नाणी उडवण्याआधी ठरवा. चार मिनिटं पुष्कळ झाली, तेवढ्यातच हाताला किती काम आहे ते कळेल.

मग घड्याळ समोर ठेवून वाजवा. रिकाम्या घरावर असताना भात्यावरचा हात काढा, पण पुढचा सूर मनात म्हणत बसू नका. ते कठीण जाईल. लगेच ध्वनिमुद्रण करू नका. आधी तीन दिवस रोज एकदा वाजवा, निदान एकदा खिडकी उघडी ठेवून. आणि काही झालं तरी पुन्हा उडवायचं नाही.

धीर हवा असेल तर जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावातलं चर्च आठवा. केजची 'शक्य तितकं संथ' अशी सूचना असलेली ऑर्गनची रचना तिथे ६३९ वर्षांत वाजवायची ठरली आहे, कारण त्या गावात १३६१ मध्ये एक मोठा ऑर्गन बसवला होता आणि २००० सालापर्यंत तेवढी वर्षं झाली होती. रचना २००१ मध्ये, केजच्या जन्मदिवशी, ५ सप्टेंबरला सुरू झाली. आणि ती विरामानं सुरू होते. त्यामुळे पहिले सतरा महिने चर्चमध्ये नुसता भात्याचा श्वास ऐकू येत होता, पहिला सूर फेब्रुवारी २००३ मध्ये लागला. आता पट्ट्यांना वाळूच्या पिशव्या टांगून सूर धरून ठेवलेत. सूर बदलायचा असतो त्या दिवशी लोक गर्दी करतात. रचना २६४० मध्ये संपेल.

तुमच्या यादीतला पहिला आवाजही भात्याच्या श्वासाचाच ठेवा. तक्ता झाला की पाठवा, आवाजांपेक्षा मला लांबीचा तक्ता आधी बघायचा आहे. तिथेच सगळे घाबरतात आणि चाळीस सेकंदांच्या जागी दहा लिहितात.